फक्त फॅमिलीला

वर्षाली धोटेची बदली अमरावतीहून वर्ध्याला झाली, तेव्हा घराची काळजी तिला वाटलीच नाही. ती नगररचना कार्यालयात रचना सहायक होती. शेतं मोडून पाडलेल्या ले-आउटचे नकाशे गेली नऊ वर्षं तिच्या टेबलावरून जात होते. रस्ता नऊ मीटरचा आहे का, मोकळी जागा पुरेशी सोडली आहे का, मुलांच्या बागेकडे जायला वाट ठेवली आहे का, हे सगळं ती लाल पेन हातात घेऊन तपासायची. बायकामुलांनी सुखानं राहावं अशी वस्ती कशी असते, हे तिच्याइतकं फार थोड्यांना माहीत असेल. आता तिला स्वतःसाठी त्यातलं एक घर हवं होतं, इतकंच.

वय छत्तीस. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही याची दोन-तीन उत्तरं तिच्याजवळ तयार असत आणि विचारणाऱ्याचं तोंड पाहून ती त्यातलं एक देई. वडील वारले होते. आई पुण्याला भावाकडे त्याची जुळी मुलं सांभाळत होती.

कार्यालयातला लिपिक नीलेश पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, तुम्ही फॅमिलीवाला एरिया पाहा. भाडंई कमी, वस्तीई चांगली. स्टेशनकडं नका जाऊ, तिकडं सारी शिकणारी पोरं राह्यतात. गोंगाट असते."

दुपारी चारनंतर तो तिला स्कूटरवरून घरं दाखवायला नेऊ लागला. पहिल्या घराच्या बाईंनी फाटक उघडलं, वर्षालीकडे पाहिलं, मग नीलेशकडे पाहिलं.

"साहेब कुठी हायेत?"

"साहेब मीच," वर्षाली म्हणाली.

"अन् हे?"

"हे आमच्या ऑफिसातले."

"मंग फॅमिली?"

वर्षालीनं तयार उत्तरांपैकी एक दिलं. बाईंनी ते लक्षपूर्वक ऐकलं, चहा पाजला आणि घर कालच दिल्याचं सांगितलं.

दुसरे घरमालक फार सभ्य होते. म्हणाले, "तुमच्याबद्दल काहीच नाई जी मॅडम. पण एकटी बाई म्हटली का आम्हालेच टेन्शन. रात्री-बेरात्री येणं-जाणं..."

"मी नऊला झोपते."

"तेच तं. लोकांले वाटन, काऊन झोपते इतक्या लवकर?"

तिसऱ्यानं पाहुणे येणार नाहीत असं लिहून मागितलं. फॅमिली आली तर चालेल, म्हणाला. फॅमिली म्हणजे कोण, असं वर्षालीनं विचारलं, तर म्हणाला, "मिस्टर." चौथ्यानं तर फोनवरच विचारून घेतलं आणि तिचा फेरा वाचवला. त्याचे तिला आभार मानावेसे वाटले.

असे पाच आठवडे गेले. तोवर ती बी.एड.च्या तीन मुलींबरोबर वसतिगृहाच्या खोलीत राहत होती. मुली चांगल्या होत्या. तिला काकू म्हणायच्या आणि ती झोपली की कुजबुजत बोलायच्या, त्या कुजबुजीनं तिला झोप येत नसे. कार्यालयात येणाऱ्या नकाशांवर 'निवासी' हा शब्द दिसला की आता तिला उगीचच राग येऊ लागला होता.

मग नागपूर रोडवरच्या गृहलक्ष्मी ले-आउटमधलं घर मिळालं. म्हणजे दिसलं. आत वळल्याबरोबर सावली आणि शांतता. रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळीत वाढवलेले कडुनिंब, प्रत्येक फाटकावर 'मातोश्री', 'आशीर्वाद', 'आई-बाबांची पुण्याई' अशा संगमरवरी पाट्या. 'वैभव' नावाच्या दुमजली घरावर पुठ्ठा टांगलेला होता: 'वरचा मजला भाड्याने देणे आहे. फक्त फॅमिलीला.'

घरमालक भैय्याजी उमाटे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. पस्तीस वर्षं बसस्थानकावर माईकवरून गाड्या पुकारल्यामुळे निवृत्तीनंतरही ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत.

"या, या. बसा, बसा. पाणी घ्या. पाणी घ्या."

वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, पूर्वेकडे गॅलरी, बाहेरून वेगळा जिना. नळाला पाणी होतं. भाडं सात हजार, म्हणजे वर्षालीनं मनाशी धरलं होतं त्याहून पाचशे कमीच. गॅलरीत उभं राहून तिनं खालची शांत गल्ली पाहिली आणि तिला ते घर इतकं हवंसं वाटलं की, "किती जण राह्यसान?" असं भैय्याजींनी विचारताच तिची जीभ आपल्याच मनानं बोलून गेली.

"दोघी. मी आणि माझी मोठीआई."

नीलेश वर पंख्याकडे पाहू लागला.

"मोठीआई म्हंजे?"

"वडिलांची मोठी वहिनी. केळझरची. ती माझ्याजवळच राहणार आहे."

भैय्याजींचा चेहरा उजळला. "मंग असं सांगा ना! घरात वडीलधारं माणूस आहे म्हंजे फॅमिली झाली. घेऊन या त्याईले. भेटून घेऊ. भेटून घेऊ, मंग करारनामा करू."

परतताना नीलेश म्हणाला, "मॅडम, मोठीआई खरंच आहे ना?"

"आहे."

"मंग अर्धं काम झालं."

मोठीआई खरंच होती. जयवंता धोटे, वय सदुसष्ट. केळझरजवळ मळ्यातल्या घरात मुलगा चंदन आणि सून छाया यांच्यासोबत राहायची. वांगी, पालक, मेथी, कोथिंबीर. रोज संध्याकाळी कोथिंबिरीच्या दोनशे जुड्या बांधायच्या आणि सकाळी माल सेलूला जायचा. चंदन वाईट माणूस नव्हता. आईला कधी वेडंवाकडं बोलला नाही, औषधपाणी चुकवलं नाही. आई म्हणजे मळ्यातल्या विहिरीसारखी, असं तो धरून चालला होता. विहिरीला कुठं जायचं असू शकतं, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

रविवारी वर्षाली बसनं गेली, तेव्हा मोठीआई पडवीत जुड्या बांधत बसली होती. वर्षालीनं सगळी हकीकत सांगितली. खोटं बोलले हेही सांगितलं.

"तीनच दिवस, मोठीआई. दाखवण्यापुरती चल. करार झाला की मी स्वतः आणून सोडते."

मोठीआईचे हात थांबले नाहीत.

"कोणता मजला?"

"वरचा."

"आतून कडी हाय दाराले?"

"आहे ना."

"अन् सकाळी चारले कोणी उठवत नाई?"

"कोण उठवणार?"

हातातली जुडी तिनं पुरती बांधली, धागा दातानं तोडला आणि ती उठून आत गेली. वर्षालीचा चहा संपायच्या आत ती लुगडं बदलून, पिशवी घेऊन पडवीत उभी होती.

चंदन म्हणाला, "माय, उद्याचा माल?"

"तू हायेस, छाया हाय."

"तीन दिवस ना वं?"

"वर्षालीले इचार," मोठीआई म्हणाली आणि चालू लागली.

पिशवी तीन दिवसांच्या मानानं मोठी होती. बसमध्ये ती मांडीवर घेताना वर्षालीच्या हे लक्षात आलं, पण ज्यानं दुसऱ्याला खोट्यात ओढलंय त्यानं पिशवीचं वजन करू नये, असं तिला वाटलं. वाटेत तिनं मोठीआईला शिकवून घेतलं.

"विचारलं तर सांगायचं, मी इथंच राहणार."

"बरं."

"पोराकडे का नाही राहत म्हणाले, तर सांगायचं, पुतणी एकटी आहे, तिला सोबत म्हणून आले."

मोठीआईनं जरा विचार केला. "म्हंजे खरंच सांगायचं."

भैय्याजींच्या बैठकीत मुलाखत झाली. गोपिकाबाईंनी चिवडा आणि चहा आणला. त्या भैय्याजींच्या पत्नी. बोलणं कमी, कारण त्यांच्या वाट्याचंही दोनदा बोलून होत असे. भैय्याजींनी गाव विचारलं, शेती विचारली, तब्येत विचारली. मोठीआईनं सगळी उत्तरं नीट दिली. मग बशीतला चिवडा संपवून तिनं, गप्पा चालवायच्या म्हणून, आपणही विचारलं.

"तुमच्या घरी किती जण, भाऊ?"

"आमी दोघं."

"लेकरं?"

"वैभव आहे ना. बंगलोरले. सून, नातू, सारे तिकडंच."

"अन् बाजूच्या घरी?"

"तिथं मास्तर अन् मास्तरीणबाई," गोपिकाबाई म्हणाल्या. "दोघंच."

"त्याच्या पलीकडं?"

"तिथं कुलूप आहे. पोरीकडं गेले, कॅनडाले."

"समोर?"

"समोरच्या बाई एकट्याच राह्यतात."

मोठीआईनं मान हलवली. कोपऱ्यावरच्या घराचंही विचारून झालं. तिथं एक रिटायर्ड साहेब आणि त्यांचा कुत्रा. मग तिनं अगदी सरळपणे, माहिती नसलेली गोष्ट विचारावी तसं विचारलं, "मंग फॅमिली कुठी राह्यतात इथं?"

भैय्याजींनी रिकामी बशी उचलली आणि पुन्हा जागेवर ठेवली.

"दिवाळीले येतात," भैय्याजी म्हणाले. "दिवाळीले सारे येतात." यावेळी दोनदा म्हणूनही ते पुरेसं वाटलं नाही. गोपिकाबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. त्या रडत आहेत असं वाटून वर्षाली घाबरली. त्या हसत होत्या.

करार दुसऱ्या दिवशी झाला. संध्याकाळी वर्षाली ले-आउट पाहायला बाहेर पडली. नकाशात असतं तसं सगळं होतं. नऊ मीटरचा रस्ता, त्यावर एकही वाहन नाही. मोकळी जागा, तिथं बालोद्यान, 'बारा वर्षांखालील मुलांसाठी' अशी पाटी. दोन्ही झोपाळ्यांवर दोन म्हातारे पाय टेकवून बसले होते, कारण बाकं अजून यायची होती. घसरगुंडीवर कोणीतरी पापड वाळत घातले होते. असल्या कित्येक बागा तिनं आपल्या सहीनं पुढं पाठवल्या होत्या.

तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी सकाळी वर्षाली म्हणाली, "मोठीआई, नवाची बस आहे."

"असू दे," मोठीआई गॅलरीतून म्हणाली.

आठवडा झाला. पंधरा दिवस झाले. मोठीआई जायचं नाव काढीना, आणि त्याहून नवलाचं म्हणजे ती काहीही करीना. सकाळी सातला उठायची. आंघोळ करून गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. दुपारी आतून कडी लावून झोपायची. पहिल्या दिवशी कार्यालयातून परतताना वर्षालीच्या मनात गरम भाकर आणि झुणका होता. घरात गॅससुद्धा पेटलेला नव्हता.

"मोठीआई, स्वयंपाक?"

"मी दाखवायले आली वं," मोठीआई म्हणाली. "रांधायले नाई."

ती चेष्टा असेल असं वर्षालीला वाटलं. ती चेष्टा नव्हती. तेव्हापासून वर्षाली दोघींचा स्वयंपाक करू लागली. मोठीआईला मीठ जरा जास्त लागायचं, पोळी पातळ लागायची आणि हे ती जेवता जेवता सांगायची. एकटीनं निवांत राहायचं, हवं तेव्हा ब्रेड खाऊन झोपायचं, असं वर्षालीनं ठरवलेलं आयुष्य एका खोट्या वाक्यानं कुठल्या कुठं गेलं होतं. सातला पाच मिनिटं कमी असली की गॅलरीतून तिच्यावर नजर असायची. उशीर झाला की, "कुठी गेलती?"

मोठीआईची एकच हौस होती. दहाच्या सुमारास तानबाची भाजीची गाडी गल्लीत यायची. त्याची हाक आली की मोठीआई चप्पल घालून खाली उतरायची. पन्नास वर्षं तराजूच्या त्या बाजूला काढल्यावर आता ती या बाजूला उभी होती. वांग्याचं देठ मोडून पाहायची, मेथी हुंगायची. "ही जुडी कालची हाय," म्हणायची, "धागा पाह्य कसा वाळला. मले नको शिकवू." मनसोक्त घासाघीस करायची आणि शेवटी तानबानं पहिल्यांदा सांगितलेलेच पैसे त्याच्या हातावर ठेवायची. तानबाला तिचं हे गणित कधीच कळलं नाही. पैसे वर्षालीचे असत. ती घासाघीस पाहायला गोपिकाबाई फाटकात यायच्या, मग समोरच्या एकट्या बाई, मग मास्तरीणबाई. दिवाळीशिवाय एकमेकींच्या घरी न जाणाऱ्या या तिघी मोठीआईबरोबर रोज अर्धा तास गाडीभोवती उभ्या राहू लागल्या.

भैय्याजींनी एकदा मोठ्या मनानं सांगितलं, "मागं जागा पडली आहे आमची. वांगी, टमाटर लावा की जयवंताबाई. तुमचा टाइमपास होईन."

"भाऊ," मोठीआई म्हणाली, "तुमी रिटायर झाल्यावर परत स्टँडवर जाऊन गाड्या सोडता काय?"

खरं म्हणजे भैय्याजी आठवड्यातून दोनदा स्टँडवर जाऊन बसत. बँकेत जातो असं त्यांनी गोपिकाबाईंना सांगून ठेवलं होतं.

महिना संपला, तेव्हा वर्षालीचा धीर सुटला. त्या दिवशी कार्यालयात एका बिल्डरनं तिच्याशी वाद घातला होता आणि घरी आल्यावर मोठीआईनं भाजी अळणी झाल्याचं सांगितलं.

"मी तीन दिवस म्हटलं होतं, मोठीआई. तीन! चंदनचे फोन येतात मला. मी काय सांगू त्याला?"

मोठीआईनं ताट बाजूला सारलं. ती रागावली नव्हती.

"खालच्या भाऊले तू काय सांगतलं? मोठीआई मायासंग राहीन, असंच ना?"

"हो, पण ते..."

"ते तुयं खोटं होतं. मी ते खरं करून राह्यली, तं तुले राग येते. अन् खोटं होतं तोवर बरं वाटत होतं तुले."

मोठीआई पुढं म्हणाली, "लग्न होऊन आली तवा सोळाची होती मी. तवापासून कोणी इचारलं नाई, जयवंता, तुले कुठी राह्याचं हाय? तू आली अन् म्हणली, चाल. मले वाटलं, इचारलं."

त्या रात्री वर्षालीनं भाजीत मीठ घालून ती पुन्हा गरम केली. दोघी जेवल्या. तीन दिवसांचा विषय त्यानंतर तिनं काढला नाही.

चंदन आला तो पोळ्यानंतर. सोबत वांग्यांची अर्धी गोणी. वर न येता तो आधी खाली भैय्याजींकडे बसला, कारण पुरुष माणसाशी बोलून प्रकरण लवकर मिटेल असा त्याचा हिशेब होता.

"काकाजी, माईले न्यायले आलो. लोकं बोलून राह्यले गावात. पोरगं असून माय वर्ध्याले भाड्यानं राह्यते म्हणून. अन् तिकडं तोडणी आली, हात कमी पडून राह्यले. खरं सांगतो, तीन दिवसांसाठी धाडलं होतं तिले, या वर्षालीच्या रूमसाठी."

जिन्यातून उतरणारी वर्षाली तिथंच थांबली. आता भांडं फुटलंच होतं.

"मालूम आहे," भैय्याजी म्हणाले. "मालूम आहे."

"तुमाले मालूम आहे?"

"दुसऱ्याच दिवशी सांगतलं त्याईनं गोपिकाले. तीन दिवसांचं नाटक आहे म्हणे, पण मले जागा आवडली." त्यांनी वर्षालीकडे पाहिलं. "बसा मॅडम, बसा. उभ्या काऊन?"

"काका, मग तुम्ही करार मोडला का नाही?"

भैय्याजींनी आवाज खाली आणला. माईकची सवय असलेल्या माणसाला ते अवघड जात होतं. "दोन वर्षं वरचा मजला रिकामा होता. फॅमिलीच पाह्यजे म्हणून पाटी लावली, तं फॅमिली येईनाच. ज्याची फॅमिली आहे तो पुण्याले चालला. संध्याकाळी वर लाइट दिसला का गोपिकाले बरं वाटते. आता मी त्या पाटीचं काय सांगू तुमाले."

एवढ्यात मोठीआई खाली आली. तिनं गोणीचं तोंड उघडलं, एक वांगं काढून देठ पाहिलं.

"पाणी जास्त देऊन राह्यला तू," ती चंदनला म्हणाली.

"म्हणूनच चाल ना, माय."

"तवा सांगत होती, तं आयकत नव्हता. आता इथून सांगते म्हणून आयकतोस." मग म्हणाली, "चंदन, तू वाईट नाईस. छायाबी नाई. पण तुमाले माय पाह्यजे का जुड्या बांधणारी पाह्यजे, ते ठरवून येजो. माय पाह्यजे असन तं इथं भेटते. चहा घेऊन जाय."

चंदन चहा घेऊन गेला. जाताना त्याचे डोळे भरून आले होते, हे वर्षालीनं पाहिलं. पुढच्या महिन्यात तो छायाला घेऊन आला. कोथिंबीर बांधायला त्यांनी एक बाई लावली होती आणि तिची मजुरी देताना, माय किती काम करत होती हे त्याला पहिल्यांदाच रुपयांत कळलं होतं. त्यानं ते तसं बोलूनही दाखवलं. मोठीआईला ते आवडलं.

हिवाळा आला. वर्षालीला आता सात वाजता गॅलरीत कोणी दिसलं नाही, तर जिन्यावरूनच हाक मारायची सवय लागली होती. मोठीआईला पोळी पातळ लागते म्हणून तिनं नवीन तवा घेतला. एकदा वर्षालीला ताप आला, तेव्हा मोठीआईनं तिच्यासाठी भाताची पेज केली. पण वर्षाली बरी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठीआई पुन्हा गॅलरीत जाऊन बसली.

आणि मार्चमध्ये वर्षालीच्या नावाचा आदेश आला. गोंदियाला जागा रिकामी होती, ताबडतोब रुजू व्हायचं होतं. कागद हातात घेऊन ती बराच वेळ टेबलाशी बसली. पूर्वी बदली झाली की ती पेटी भरायची. आज तिला आधी घरी सांगावं लागणार होतं.

मोठीआईनं ऐकून घेतलं. "जाय," म्हणाली. "सरकारी काम हाय."

"आणि तू?"

"मी काऊन जाऊ? माई बदली कुठी झाली?"

"अगं, पण घर माझ्या नावावर आहे. करार माझा आहे."

"तुया नावाचा करार तू घेऊन जाय. मी दुसरा करीन. दीड एकर माया नावानं हाय. चंदन त्याचे पैसे देईन महिन्याच्या महिन्याले. नाई देल्लं तं दुसऱ्याले मक्त्यानं देईन. सांगतलं त्याले, हो म्हणला."

हे सगळं कधी ठरलं, वर्षालीला कळलं नाही. आपल्याला वाईट वाटतंय की हलकं वाटतंय, तेही तिला नीट कळेना. मोठीआईनं आपल्याला सोडून जाऊ नये असं तिला वाटत होतं, आणि सोडून तर तीच चालली होती.

नवा करार भैय्याजींनी स्वतः लिहून आणला. जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. वर्षालीनं वाचून दाखवायचं आणि साक्षीदार म्हणून सही करायची होती. वाचता वाचता ती थांबली.

"काका, ही तर एकटी बाई झाली. तुम्हाला फॅमिली पाहिजे होती."

"एकट्या कुठी?" भैय्याजींना खरोखरच नवल वाटलं. "आमी हाओत ना. मास्तरीणबाई हायेत, समोरच्या हायेत." मग पेन पुढं करून म्हणाले, "जयवंताबाई, व्यवसाय काय लिहू?"

"शेती लिहा," वर्षाली म्हणाली.

"नाई," मोठीआई म्हणाली. "काईच नाई, असं लिहा."

"काईच नाई असं फॉर्मात चालत नाई जी. चालत नाई."

गोपिकाबाई चहाचा ट्रे घेऊन मागं उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "तुमी काय लिहिता तुमच्या फॉर्मात? तेच लिहा."

भैय्याजींनी बायकोकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: निवृत्त.

मोठीआईनं तो शब्द वर्षालीकडून वाचून घेतला. पुन्हा एकदा वाचायला सांगितला. मग शाळेत शिकलेल्या तीन इयत्तांमधली सगळी ताकद लावून आपलं नाव खाली लिहिलं.

वर्षालीची गाडी दुपारी होती. रिक्षात सामान चढवून झालं. गोपिकाबाईंनी डब्यात पुरी-भाजी बांधून दिली. मोठीआई फाटकापर्यंत आली, बॅगा किती ते पाहिलं, वर्षालीच्या गालावरून खरखरीत हात फिरवला.

"पोचली का फोन करजो," ती म्हणाली. "पण साडेपाचच्या आत. मंग आमी साऱ्याजणी फिराले जातो."